राहिलेल्या दोन हाका

खाऱ्या हवेला सगळ्यात आधी काय खायला आवडत असेल, तर केबलच्या टोकाची पिन. मे महिन्यात कोरी करकरीत केबल बसवावी आणि दसऱ्याच्या सुमारास उघडून बघावी, तर पिनेवर हिरवट बुरा चढलेला असतो. मग शाळेतून फोन येतो, "मॅडम, आमचा टीव्ही गेला." आम्ही त्याला पॅनल म्हणतो, शिक्षक टीव्ही म्हणतात आणि मुलं नुसतं 'बोर्ड' म्हणतात. फळ्याशेजारी भिंतीवर लावलेला मोठा पडदा, आत धडे, गाणी, चित्रं, नकाशे भरलेले, आणि वर बोटाने लिहिता येतं. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या शाळांत असे पॅनल लावणं, ते चालू ठेवणं आणि शिक्षकांना ते वापरायला शिकवणं हे माझं काम होतं. दहा-अकरा वर्षं केलं. आता एजन्सीने मला कार्यालयात बसवून प्रशिक्षणाचं काम दिलं आहे, त्यामुळे पिना दुसरं कोणीतरी पुसतं.

आमचं गाव किनाऱ्यापासून आत, भातशेतीचं. वडील कारखान्यात कंत्राटी कामावर आणि आई शेतावर. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आमच्या शाळेत एकच संगणक होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. आम्हाला तो दारातून दाखवत. एकदा सरांचं लक्ष नसताना मी आत जाऊन त्याचं एक बटण दाबून आले होते. काही झालं नाही, कारण तो बंदच होता, पण मला दिवसभर बोटाला काहीतरी लागल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून कुठल्याही शाळेत पॅनल लावून झाला की मी शिक्षकांना सांगायचे, आधी सगळ्या मुलांचे हात लागू द्या, मग हवं तर कव्हर घाला. बरेच जण कव्हर आधी घालायचे. एका शाळेत पॅनलला हळदकुंकू वाहिलेलं होतं, हारही होता, आणि त्यामागे मूळ प्लास्टिकचा कागद तसाच. वर्षभरात तो एकदाही चालू झालेला नव्हता. "खराब झाला तर आमच्या नावावर येईल हो," असं तिथले सर म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

या कामात चमत्कारिक फोन येतात. किहीमच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाईंनी भर दुपारी फोन केला. शनिवारची शाळा सुटली होती आणि त्या एकट्याच वर्गात लिहीत बसल्या होत्या. "मॅडम, बोर्डावर कोणीतरी रेघा ओढतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू त्या कोणीतरीला ऐकू जाऊ नये. मी पोचले तर बाई व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या. आत पांढऱ्या पडद्यावर खरोखरच एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. थांबत होती, पुन्हा निघत होती. वर्गात चिटपाखरू नाही.

त्याचं उत्तर साधं होतं. या पडद्याच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे किरण आडवेउभे सोडलेले असतात. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि मशीनला कळतं, इथे स्पर्श झाला. पण किरण कशानेही अडतो. त्या दिवशी चौकटीच्या खालच्या काठावरून बारीक लाल मुंग्यांची रांग चालली होती. मी मऊ ब्रशने काठ झाडला, रेघ थांबली. आमच्याकडे या बिघाडाला घोस्ट टच, म्हणजे भुताचा स्पर्श, असंच म्हणतात.

"मुंग्या होत्या, बाई."

"मुंग्या ना? मग त्यांना 'र' कसा काढता येतो?" बाई हसत म्हणाल्या, पण आत आल्या नाहीत.

मी पुसण्याआधी नीट बघितलं. एका जागी रेघेने खरंच वळण घेतलं होतं. मी ते पुसून टाकलं.

बहुतेक गोष्टींच्या मागे मुंग्याच असतात, हे मी या धंद्यात शिकले. पुढे जे सांगणार आहे त्याच्यामागेही एक मशीन आणि चार माणसं, एवढंच आहे. प्रत्येक गोष्टीचं कारण मला सांगता येतं. तरीही ते सगळं मिळून काय झालं, हे अजून माझं मला पटवून देता आलेलं नाही. वाडीचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

त्या वर्षी पॅनलमध्ये वाचनाचा एक नवा प्रोग्राम आला. पडद्यावर ओळ दिसायची. मग आतला आवाज एका मुलाचं नाव घ्यायचा. मुलाने 'ओ' द्यायची आणि उभं राहून ओळ वाचायची. माइक त्याचा आवाज टिपून घ्यायचा आणि किती शब्द बरोबर आले ते प्रोग्राम ठरवायचा. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या शाळेत प्रत्येकाचं वाचन रोज कोण ऐकणार? ते काम मशीन करणार होतं, आणि मला ती कल्पना मनापासून आवडली होती. अडचण एकच होती. कंपनीच्या आवाजाला आमच्याकडची नावं नीट घेता येईनात. सान्वीचं 'सानवी' आणि ओवीचं 'अवी' व्हायला लागलं. तेव्हा एजन्सीतल्या साहेबांनी मला सांगितलं, तुमच्या भागातली नावं तुम्हीच रेकॉर्ड करून पाठवा.

मी ती आमच्या घरी गोधडीखाली बसून रेकॉर्ड केली. गोधडीने आवाज घुमत नाही. आई दारातून विचारत होती, "काय गो, ताप भरला का तुला?" पहिल्यांदा पाठवलेली सगळी नावं परत आली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुलांना जेवायला बोलावल्यासारखं म्हणताय. सपाट म्हणा. कुठलंही नाव कुठल्याही वाक्याला जोडता आलं पाहिजे." म्हणून मी पुन्हा म्हटली. राग नाही, माया नाही, घाई नाही. पुढे ज्या शाळांत मी पाऊल टाकलं नव्हतं, तिथेही माझा आवाज माझ्याआधी जाऊन पोचला.

रेवदंड्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेतून तक्रार आली, माइक बिघडला, एकाही मुलाचा आवाज टिपला जात नाही. तिथले ठाकूर सर घाटावरून बदली होऊन आलेले, तरुण, फार सरळ माणूस. शाळा म्हणजे दोन खोल्या. समोर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे घरं. घरांपुढे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले.

मी वर्गात गेले आणि नेहमीसारखं म्हटलं, "नमस्कार मुलांनो, कसे आहात?"

वर्ग गारठला. आमच्याकडे मुलं नव्या माणसाला बघून कुजबुजतात, खिदळतात. इथे कोणी हललं नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. मग एकेक मान बोर्डाकडे वळली आणि पुन्हा माझ्याकडे आली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीचा हात धरला. मला कळायला वेळ लागला. आठवडाभर ज्या आवाजाला तोंड नव्हतं, तो आवाज त्यांच्यासमोर साडी नेसून उभा होता.

मी मागे जाऊन बसले आणि सरांना प्रोग्राम लावायला सांगितला. पडद्यावर ओळ आली. मग माझा आवाज म्हणाला, "विराज."

माझं तोंड बंद होतं. मुलं वळून माझ्या तोंडाकडेच बघत होती.

विराज समोरच बसलेला होता, सरांनी मला खुणेने दाखवला. ओठ घट्ट मिटून, मांडीवर मुठी आवळून तो बसून राहिला. मशीन थांबलं, वाट बघितली आणि पुढे गेलं. "सान्वी." कोणी नाही. "ओवी." कोणी नाही. पलीकडे कोणीतरी होडी ठोकत असल्याचा आवाज खिडकीतून येत होता तेवढाच.

"बघितलंत?" सर म्हणाले. "आता मी बोलावतो. विराज!"

"हजर सर!" विराज ताडकन उठला.

माइक ठणठणीत होता. मी पुढे होऊन त्यात स्वतः बोलून बघितलं, पडद्यावर आवाजाची पट्टी वर गेली. मी सरांना म्हटलं, मुलं लाजतात, सवयीने बोलतील. तेवढ्यात माझ्या पाठीमागून माझाच आवाज म्हणाला, "जुई."

"ओ!"

खिडकीशी बसलेली, दोन वेण्यांची, तिसरीतली मुलगी. तिने ती ओ इतक्या आनंदाने दिली, की ती आठवडाभर दाबून ठेवली असावी असं वाटलं. उठून तिने ओळ घडाघडा वाचली. पडद्यावर हिरवी खूण आली. मी "शाब्बास!" म्हणून टाळ्या वाजवल्या. माझ्याबरोबर फक्त सरांनी वाजवल्या. तिच्या मागच्या मुलाने आपलं दप्तर उचललं आणि तो हळूच दोन जागा पलीकडे सरकला. मग दुसरी एक मुलगी सरकली. थोड्या वेळात जुईभोवती एक रिकामं वर्तुळ उरलं आणि त्यात ती एकटी हसत उभी होती.

मी ते पाहिलं. त्याचा अर्थ लागला नाही. माइक उत्तम आहे असं कळवून मी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात ठाकूर सरांचा फोन आला. त्यांचा आवाज उतरला होता. "मॅडम, जुई आजारी आहे. त्याच दिवशी संध्याकाळपासून ताप. आज नर्सबाई बघून गेल्या, म्हणाल्या श्वास लागतोय, ताबडतोब दवाखान्यात हलवा. पण तिचे आजोबा तिला घराबाहेर काढू देत नाहीत. म्हणतात, त्या आवाजाच्या बाईला बोलवा."

"मला?"

"तुम्हालाच. मला नीट समजत नाही त्यांचं बोलणं. तुम्ही या."

मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मुलं गप्प बसावीत म्हणून सरांनी वर्गात वाचनाचा प्रोग्राम लावून ठेवला होता आणि ते गल्लीत माझी वाट बघत उभे होते. घर शाळेच्या अगदी समोर. दारात रिक्षा उभी, रिक्षावाला बाहेर बिडी ओढत. उंबऱ्याच्या आत, वाट अडवून, एक म्हातारा पाटावर बसला होता. हे जुईचे आजोबा, धर्मा तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. आयुष्यभर होड्या नेलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालेला. त्यांच्यामागे चटईवर जुई. तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या ते दारातूनही दिसत होतं. तिच्या उशाशी तिची आई भारती, पदर खोचलेला, पोरीला उचलायला तयार बसलेली. जुईचा बाप होडीवर गेला होता, फोन लागत नव्हता.

"आयली का ती?" तांडेलांनी विचारलं.

"मी आलेय, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान किंचित तिरकी केली. "व्हय. ह्योच आवाज." मग शांतपणे म्हणाले, "बाय, तू माज्या नातीला हाक मारलीस."

"बाबा, ते मशीन आहे. मी नाव फक्त रेकॉर्ड केलं. तिला आधी दवाखान्यात नेऊ या, मग आपण बोलू."

"मी पन त्येच सांगतंय सकालपासना!" आतून भारती कडाडली. "मामंजी, पोर मरल माजी! तुमी डोल्यांनी बघत नाय म्हनून तुमाना दिसत नाय. आयका तरी तिचा श्वास!"

"आयकतंय," तांडेल म्हणाले. "म्हनूनच बसलोय हितं. भारती, उंबरा वलांडला का ती तुज्यासंगं येल का हाकंच्या मागं जाल, ते तू सांग मना."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी एखाद्या नव्या खलाशाला सांगावं तसं. "दर्यान धुका पडला का हाक येते. नाव घेवून येते. आमाना बापानं शिकवलाय, तोंड दिसत नसल तं पयल्या हाकंला ओ देवाची नाय. माणूस आसल तं तो दुसरी मारल, तिसरी मारल, बोंबलल, शिव्या देल. त्याना तू पायजेस. पन जो एकदाच मारतं आनि गप वाट बघतं, त्याना तू नको. त्याना तुजा आवाज पायजे."

मी उन्हात उभी होते, आणि नकळत वळून शाळेकडे बघितलं. कारण ते जे सांगत होते तेच मी प्रत्येक शाळेत शिक्षकांना सांगत आले होते. प्रोग्राम मुलाचं नाव एकदा घेतो. मग शांत राहून वाट बघतो. त्याला मुलाचा फक्त आवाज हवा असतो.

त्या शांततेत गल्लीपलीकडून ऐकू आलं, "विराज." मग काही नाही. मग, "सान्वी."

माझा आवाज. सपाट. राग नाही, माया नाही, घाई नाही. गोधडीखाली बसून मी कसा काढला होता कोण जाणे.

भारतीने अंगावर शहारा आल्यासारखे खांदे आवळले. "सर, ते बंद करा आदी!" ती ओरडली. सर शाळेकडे धावले.

"मी काय करू, सांगा," मी तांडेलांना म्हटलं. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. नर्सबाईंनी सांगितलेलं मला पुरतं कळलं होतं, त्या पोरीला औषधाची गरज होती. पण औषध गावातल्या दवाखान्यात होतं आणि मध्ये हा पाट होता. वाद घालायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेला वाद घालण्याची माझी हिंमतही नव्हती.

"एक हाक मारून तू थांबलीस," तांडेल म्हणाले. "राहिलेल्या दोन मार. उंबऱ्याच्या भायेर उभी ऱ्हा, तुजं तोंड तिना दिसूदे, आनि मार. मंग ती माणसाची हाक व्हते. तिसरीला पोरीनं ओ दिली का मी उठतंय."

"आणि नाही दिली तर? तिला शुद्ध आहे का?"

त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

मी उंबऱ्याशी जाऊन वाकले. आतल्या अंधारात जुईचे डोळे अर्धवट उघडे होते. भारतीने तिला उचलून घेण्यासाठी तिच्या पाठीखाली हात घातले होते, त्यामुळे भारतीची पाठ माझ्याकडे होती. मी जुईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "जुई."

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. तो चिरकला. मी शाळेतल्या आवाजापेक्षा वेगळी वाटावी म्हणून धडपडत होते आणि ते ऐकून मलाच लाज वाटत होती. जुईची नजर हळूहळू फिरली आणि माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. तिने ओठ हलवले नाहीत. ती तिसरीची वाट बघत होती. कोळीवाड्यातल्या त्या लहानशा पोरीला सगळं माहीत होतं. एकदाच तिने नियम मोडला होता, आणि तोही माझ्या आवाजाला.

गल्लीपलीकडे प्रोग्राम चालूच होता. "ओवी," तो म्हणाला. सरांना तो अजून बंद करता आला नव्हता.

मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

"जुई."

ती मी नव्हते.

हजेरीपटात ओवीनंतर जुई होती, तिचं नाव कोणी काढलेलं नव्हतं. माझं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि माझ्या पाठीमागून, उन्हातून, माझाच तो सपाट आवाज माझ्या कानाला घासून आत गेला.

"ओ," जुई म्हणाली.

अगदी बारीक, पण सगळ्यांनी ऐकली.

पलीकडे खट्कन आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. सरांनी वायरच उपटली होती.

"तीन झाल्या," तांडेल म्हणाले. ते पाटावरून उठले, भिंतीला धरून बाजूला झाले. भारतीने पोरीला छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडून ती धावतच रिक्षात बसली. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. भारतीची पाठ होती. तिसरी हाक कुठून आली हे तिथे कोणालाच कळलं नव्हतं, असं मला वाटलं. तांडेलांना सांगावं असंही क्षणभर मनात आलं. सांगितलं असतं तर ते पुन्हा पाटावर बसले असते. मी रिक्षात चढले.

जुई बरी झाली. फुफ्फुसात कफ भरला होता, न्यूमोनिया. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भारतीला चांगलंच फैलावर घेतलं, इतका उशीर का केला म्हणून. भारतीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि सासऱ्याचं नावही काढलं नाही. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाली, "ताय, त्यो डागतर घाटावरचा. त्याना सांगून काय कलनार?" नंतर मी गेले तेव्हा तिने मला कागदात बांधून सोडे, सोललेली सुकी कोळंबी, दिले, मी नको म्हटलं तर रागावली. "खा गो बाय, आवाज बसलाय तुजा."

आवाज खरंच बसला होता. बरेच दिवस बसलेलाच राहिला.

त्या शाळेत सरांनी पुढे सोपी गोष्ट केली. नाव ते स्वतः, तोंडाने घ्यायचे, आणि मूल उभं राहिलं की मगच माइक चालू करायचे. मुलं उत्तम वाचू लागली. मी साहेबांना सांगितलं की सगळ्याच शाळांतून माझा आवाज काढा. कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं. तांत्रिक अडचण म्हणा, असं मी सांगितलं. त्यांनी जुना कंपनीचा आवाज परत घातला. आता सान्वीला पुन्हा 'सानवी' म्हणतात. मुलं खदाखदा हसतात आणि बिनधास्त ओ देतात, कारण ते त्यांचं नावच नसतं. ज्या चुकीला सुधारायला मी इतकी झटले, ती चूकच मुलांच्या उपयोगी पडावी याचं हसू येतं. वाईटही वाटतं. मला ती नावं नीट घेता येत होती, याचा मला फार अभिमान होता.

मला जे सांगायचं होतं ते रिक्षातलं आहे.

रिक्षा रस्त्याला लागली. भारती पुढे वाकून रिक्षावाल्यावर ओरडत होती, "दादा, मार की जरा जोरान! बैलगाडी हाय का ही?" जुईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. मला वाटलं ती झोपली आहे. तर तिने डोळे उघडले, हात वर केला आणि तिची गरम बोटं माझ्या गळ्यावर टेकवली.

"तिसरी तू नाय मारलीस," ती म्हणाली. "तुजं तोंड उगडं व्हतं, पन हालला नाय."

आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली. तिने सगळं पाहिलं होतं, आणि आजोबांसमोर गप्प राहिली होती.

"ती शाळेतल्या बोर्डातून आली," मी सांगितलं. "पण आवाज माझाच आहे ग. मीच भरला आहे त्यात."

श्वास तिच्या घशात घरघरत होता.

"मंग मी ओ कोनाला दिली?"

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. तो प्रोग्राम कसा चालतो हे मी शेकडो शिक्षकांना समजावून सांगितलं होतं. मग मी तिची बोटं माझ्या गळ्यावर नीट दाबून धरली, आवाज जिथून निघतो तिथे, आणि म्हटलं, "जुई."

ती गप्प. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जुई."

तरी गप्प. मी तिसरीसाठी श्वास घेतला आणि थांबले. ती दुसरीकडून कुठून येते का, ते मी ऐकत होते. जुईही ऐकत होती. रिक्षाचं इंजिन आणि भारतीचं ओरडणं, याखेरीज काही नव्हतं.

"जुई," मी म्हटलं.

तिची बोटं माझ्या गळ्यावर घट्ट झाली. "ओ," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.